दोन भिंतींमधलं टर्मिनल

रिसेटबाईचं खरं नाव गोदामात फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. तिचं काम टर्मिनलं सांभाळायचं. टर्मिनल म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, त्याचा नुसता पडदा आणि की-बोर्ड. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, मागच्या बाजूला कुबड आल्यासारखा फुगवटा, आणि उचलायला गेलं की कंबरेची परीक्षा. मालाच्या धुळीत नवी यंत्रं वर्ष-दीड वर्षात मान टाकत. ही म्हातारी मात्र खोकतखोकत चालत राहायची, म्हणून मालकांनी ती ठेवली होती.

अशा टर्मिनलाला स्वतःची अक्कल नसते. वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटर पाठवील ते ते दाखवतं. पण त्याच्याशी किती वेगानं बोलायचं, ओळीत किती अक्षरं मांडायची, आपलं नाव काय, हे त्याला एकदा शिकवावं लागतं. शिकवलेलं बिघडलं की पडद्यावर नुसता कचरा सांडतो. मग कुणीतरी जिन्यातून हाक मारायचं, "रिसेटबाई, वजनकाट्यावरचं पुन्हा बरळायला लागलं!"

"आणा इकडे, आंघोळ घालते," ती म्हणायची.

आंघोळ म्हणजे आधी सगळं पुसून टाकायचं, कारखान्यातून आलं तसं कोरं करायचं, आणि मग एकेक गोष्ट नव्यानं भरायची. कुणाची जुनी खोड यंत्रात शिल्लक ठेवलेली तिला खपत नसे. "पुढच्याच्या बोटांना मागच्याची सवय लागू नये," असं तिचं म्हणणं. घरीही तिचा खाक्या तोच. भाची चिडवायची, "मावशी, मलासुद्धा एकदा रिसेट करून टाक, म्हणजे सुटशील."

ही भाची म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. आई लवकर गेल्यामुळे रिसेटबाईला ताईनंच वाढवलं होतं. ताई याच गोदामात मधल्या काट्यावर होती. मालाच्या गाड्या तिच्या केबिनसमोर उभ्या राहत, आणि ती आपल्या टर्मिनलवर वजन चढवी. धाकटीनं टर्मिनल दुरुस्तीचं शिक्षण घ्यावं हा हट्टही ताईचाच. त्या शिक्षणासाठी धाकटी दुसऱ्या शहरात असतानाच ताईला ताप आला आणि चार-सहा दिवसांत ती गेलीसुद्धा. धाकटी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. पाळण्यातून नुकतीच उतरलेली भाची शेजारणीच्या कडेवर होती. तिच्या बापानं पुढं दुसरा संसार मांडला आणि पोर मावशीच्या पदरात आली ती कायमची. मावशीनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "राहूनच गेलं बघा," जशी काही दुकानातून साबण आणायचा राहिला होता.

ताई गेली त्याच सुमारास गोदामाचे मालक असलेले दोघे भाऊ भांडले. भाऊबंदकी अशी पेटली की दोघांनी गोदाम मधोमध वाटून घेतलं आणि भिंत घातली. काही वर्षांनी थोरल्या मालकांच्या बाजूला रिसेटबाई कामाला लागली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मधल्या काट्याची केबिन कुठं असायची?"

"ती भिंतीत गेली," कुणीतरी सांगितलं. पाडली असेल, असं समजून तिनं तो विषय मनातून काढून टाकला.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता वरच्या मजल्यावरच्या लाइनच्या पेटीची स्मरणशक्ती गेली. गोदामातल्या सगळ्या टर्मिनलांच्या वायरी या पेटीत येत आणि तिथून कॉम्प्युटरला जात. कुठली लाइन चालू आणि कुठली बंद, हे सगळं पेटी विसरली. रिसेटबाईनं तिला आंघोळ घातली आणि पेटी पुन्हा कोरी झाली. कोऱ्या पेटीत सगळ्याच लाइनी उघड्या असतात. वापरात नसलेल्या उद्या बंद करू, असं म्हणून ती घरी गेली.

सकाळी कॉम्प्युटर चालू झाला की हजेरी घेतो. प्रत्येक लाइनवर तो एक खूण पाठवतो. तिचा अर्थ एवढाच, की 'कोण आहे?' टर्मिनलात जे नाव भरून ठेवलेलं असेल ते टर्मिनल आपण होऊन परत पाठवतं. त्या सकाळी रिसेटबाई चहाचा कप हातात धरून पडद्यावरून उतरणारी हजेरी बघत होती. पहिला काटा. पावतीची खिडकी. थंड खोली. मागचं फाटक. नावं सगळी तिनंच भरलेली, अगदी कोरडी.

मग एका लाइनवर रोमन अक्षरांत उमटलं: मी इथंच आहे..

खाली पुन्हा नेहमीची नावं सुरू झाली.

आधी तिला रागच आला. कुणीतरी चेष्टा केली म्हणून ती तरातरा खाली उतरली आणि फाटकापासून थंड खोलीपर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेऊन आली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. तिनं एकूण एक टर्मिनल तपासलं. सगळ्यांवर तिनं भरलेलीच नावं होती. वर येऊन तिनं पेटीच्या मागं हात घातला. त्या लाइनवर जुनाट चिकटपट्टी होती आणि तिच्यावर शाईनं लिहिलं होतं, 'बंद'.

पुन्हा खुर्चीत बसून तिनं पडद्याकडं पाहिलं, आणि आत्ता कुठं तिला शेवटची टिंबं नीट दिसली. दोन टिंबं. ताई कधी एका टिंबावर थांबत नसे. 'जेवण झाकून ठेवलंय..' 'किल्ली शेजारी आहे..' शाळेतून घरी आलं की दारामागं असली चिठ्ठी असायची. एकदा धाकटीनं विचारलं होतं, "दोन का?" तर ताई म्हणाली होती, "एकानं वाक्य संपतं गं. मला संपवायला आवडत नाही."

रिसेटबाईच्या हातातला चहा गार झाला.

लाइन बंद करायला एक कळ पुरे होती. तिनं ती दाबली नाही. उलट त्या लाइनवरून काय काय येतं ते बाजूच्या एका पडद्यावर दिसेल अशी सोय केली. सकाळी हजेरीला तेच उत्तर आलं. दुसऱ्या सकाळीही आलं. दिवसभर लाइन मुकी असायची. पण दुपार कलली आणि गोदाम जरा सुस्तावलं, की त्या पडद्यावर आपोआप काहीतरी उमटे. कधी एखादं अर्थहीन अक्षर, कधी एखादं टिंब, कधी दोन.

लांब वायर हवेतलं काहीबाही उचलते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. मोटर सुरू झाली, वीज चमकली, कुणी वेल्डिंग केलं की अशी अक्षरं पडतात. नव्या पोरांना तिनंच हे शिकवलं होतं. तरी दुपार झाली की ती काम टाकून त्या पडद्यासमोर येऊन बसायची आणि पाणी प्यायलाही उठायची नाही.

शेवटी तिनं शिडी घेतली. छताखालच्या पत्र्याच्या पन्हळीतून सगळ्या वायरी जात होत्या. त्यातली ती एक हातानं चाचपत ती निघाली. शिडी सरकवायची, चढायचं, वायर शोधायची, उतरायचं. जळमटांनी तिचे केस पांढरे झाले. वायर पावतीच्या खिडकीवरून गेली, थंड खोलीला वळसा घालून गेली, आणि गोदामाच्या टोकाला दोन भावांच्या मधल्या भिंतीत शिरली. पलीकडं धाकट्या मालकांचा भाग होता. त्यांच्या बाजूला नवी यंत्रं होती, जुनं टर्मिनल एकही नव्हतं, हे सगळ्या गोदामाला माहीत होतं.

तिनं भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पण गालाला भिंत लागली तेव्हा ती दचकून मागं सरली. आजूबाजूची भिंत पावसानं गारढोण होती, तेवढाच तुकडा कोमट होता.

त्या दिवशी घरी तिचं जेवणात लक्ष नव्हतं. भाची औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला चेहरा वाचायची सवय लागली होती.

"मावशी, काय झालंय? खरं सांग."

"उद्या दुपारी गोदामात येशील? तुझे कान हवेत मला."

भाची आली. मावशीनं काही सांगितलं नाही, नुसतं भिंतीकडं बोट केलं. पोरीनं डोळे मिटून कान टेकवला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"शिट्टी वाजतेय. बारीक. एकसारखी, न थांबता. डासासारखी, पण त्याहून बारीक." तिनं मान वळवली. "तुला येत नाहीये ऐकू?"

रिसेटबाई खाली मालाच्या गठ्ठ्यावर बसली. काचेचा पडदा चालू असला की अशी शिट्टी वाजते. तरुण कानांना ती ऐकू येते. तिला स्वतःला ती ऐकू यायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

"भिंतीत टर्मिनल आहे," ती म्हणाली, "आणि ते चालू आहे." मग तिनं भाचीला हजेरीतलं उत्तर सांगितलं, आणि टिंबांचंही सांगितलं. भाचीनं भिंतीला पुन्हा कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

थोरले मालक नाकावर माशी बसू देणारे नव्हते. "भिंत फोडायची? का म्हणून? माझी भिंत माझ्या जागेत आहे. तिच्या पलीकडचं जे काय असेल ते त्याचं."

"पलीकडं वीज चालू आहे, मालक. आणि अलीकडं तुमचा कापूस रचलाय."

मालकांचा आवाज जरा खाली आला. "त्याला विचारून या. मी त्याच्या दारात जाणार नाही."

धाकटे मालक त्यांच्याहून मवाळ होते, पण तेही म्हणाले, "अहो, मी माझी भिंत माझ्या हद्दीत घातली. मधलं त्याचं."

म्हणजे भिंत एक नव्हतीच. दोघांनी आपापल्या बाजूला स्वतंत्र भिंत घातली होती, आणि मधला पट्टा दोघांनी एकमेकांवर ढकलला होता. इतकी वर्षं सगळे जिला एक जाडजूड भिंत समजत होते तिच्या पोटात पोकळी होती.

"मधल्या काट्याची केबिन तिथंच होती का?" रिसेटबाईनं विचारलं.

"केबिन? हो की! ती कोण पाडणार? त्यानं म्हणायचं मी पाडावी, मी म्हणायचं त्यानं." धाकटे मालक उठून विजेच्या फळीकडं गेले. "वीज माझ्याकडूनच जात असणार. बाहेरची गेली तरी ही फळी इन्व्हर्टर आणि जनरेटरवर चालूच राहते. या दोन बटणांचं काय करायचं ते कधी कुणाला कळलंच नाही. थांबा, बंदच करून टाकतो, म्हणजे प्रश्न मिटला."

"नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचे हमाल थांबून आत बघायला लागले. धाकट्या मालकांचा हात बटणावरच राहिला.

"त्यातली बॅटरी कधीच मेलेली असणार," ती म्हणाली. "भरलेलं सगळं नुसत्या विजेवर टिकून आहे. वीज गेली की ते पुसलं जाईल. माझ्या ताईचं टर्मिनल आहे ते."

धाकटे मालक खुर्चीत बसले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक चमत्कारिक हसू आलं. "'मी इथंच आहे' म्हणतं ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अहो, मलाच तर म्हणायचं! तेव्हा नवा नवा कारभार बघत होतो मी. सगळे जागेवर आहेत का, म्हणून वरून तासातासाला हजेरी घ्यायचो. तुमच्या ताईनं यंत्रात हे वाक्य भरून ठेवलं. मी विचारलं 'कोण आहे?' की यंत्र सांगायचं, मी इथंच आहे. आणि बाई आरामात फाटकाबाहेर चहा पीत उभ्या! कितीतरी महिने मला पत्ता नव्हता. म्हणायचो, काय बाई आहे, कधी जागा सोडत नाही." ते हसता हसता थांबले. "गेल्या तेव्हा फार वाईट वाटलं. मग आमचं हे सुरू झालं."

गवंडी आणला. ठरलं असं, की भोक थोरल्यांच्या भिंतीला पाडायचं आणि नंतर बुजवून द्यायचं. थोरले मालक लांब उभे राहिले. धाकटे आले नाहीत. माणूस वाकून जाईल एवढी वाट झाल्यावर आतून कोमट, शिळी हवा अंगावर आली.

आधी रिसेटबाई शिरली. तिच्या हातात पेटती बॅटरी होती. दोन्ही बाजूंना भिंतींच्या मागच्या बाजू होत्या. गिलावा नाही, विटांमधून बाहेर आलेला चुना तसाच ओघळून वाळलेला. भिंती बांधणारे दोघेही बाहेरून बांधत गेले होते. या बाजूनं त्या कुणी पाहिल्याच नव्हत्या. मधोमध केबिन उभी होती, काचांसकट. दार ढकलल्याबरोबर उघडलं. टेबल, खुर्ची, आणि टेबलावर टर्मिनल. पडदा काळा होता, पण तो झोपेतला काळा होता. अंधारात कडेचा हिरवा दिवा पेटलेला दिसत होता.

मग बॅटरीचा झोत खाली गेला. छताच्या गिलाव्याचा मोठा पोपडा कधीतरी टेबलावर कोसळला असावा. की-बोर्ड जमिनीवर पालथा पडला होता, आणि त्याची वायर टर्मिनलातून निखळून बाजूला लोंबत होती. तिच्यावर धुळीचा जाड थर होता.

रिसेटबाई त्या वायरीकडं बघत राहिली. दुपारची ती टिंबं या की-बोर्डावरून येणं शक्यच नव्हतं. मग तिनं बॅटरी दुसरीकडं वळवली. मागून भाची येत होती. गवंडी बाहेर विटा रचत होता. की-बोर्डाचं तिनं तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि पुढंही नाही.

"हात लावू नकोस कशाला," ती भाचीला म्हणाली. खाली वाकून तिनं प्लग पाहिला. तो काळा पडून भिंतीच्या खोबणीत अर्धवट वितळला होता, आणि शेजारची भिंत ओली होती. कापसाच्या इतक्या जवळ हे चालू ठेवणं म्हणजे उघड्या डोळ्यांनी आग लावणं होतं.

"हे बंद करावं लागेल. एकदा बंद झालं की ते वाक्य जाईल. मी पुन्हा भरू शकते, पण ते मी भरलेलं असेल. तिच्या बोटांचं नाही."

भाचीनं मान हलवली. तिनं आईचा फोटो पाहिला होता, आईबद्दल ऐकलं होतं, पण आईचं आपल्याशी बोललेलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं. आठवण्याचं वयच नव्हतं.

मावशीनं लाइनची वायर काढून आपली तपासणीची छोटी पेटी तिथं जोडली. टर्मिनल जे उत्तर देईल ते पेटी परत पडद्यावर पाठवणार होती. "हे बटण. याचा अर्थ, कोण आहे?"

भाचीनं बटण दाबलं. पडदा जागा व्हायला जरा वेळ लागला. आधी काचेवर भाजून कायमचे बसलेले शब्द दिसले, गाडी, माल, भरलेलं वजन, रिकामं वजन, अगदी भुतासारखे फिकट. मग त्यांच्यावर ओळ उमटली.

मी इथंच आहे..

भाची हळूच म्हणाली, "परत विचारू?"

"विचार."

तेच आलं. तिनं पुन्हा विचारलं. ओळीखाली ओळ चढत गेली, आणि पडद्याच्या उजेडानं पोरीचा चेहरा हिरवा दिसायला लागला. बाहेरून थोरले मालक ओरडले, "झालं का?" भाचीनं पुन्हा बटण दाबलं. आता पडदा वरपासून खालपर्यंत त्याच एका वाक्यानं भरला होता. रिसेटबाईला एकदम भीती वाटली. टर्मिनलाची नव्हे. ही पोर आता इथून उठणारच नाही, याची.

"बास, बाळा."

"चहा प्यायला गेली असेल ना गं ती, हे भरून?" भाची म्हणाली. ती हसत होती, आणि नाकावरून पाणी ओघळत होतं. "मग मीच बंद करते."

तिनं मागं हात घालून बटण शोधलं. ओळी आत ओढल्या गेल्या, मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, आणि तोही विझला. रिसेटबाईला काहीच फरक ऐकू आला नाही.

"थांबली," भाची म्हणाली. "शिट्टी थांबली, मावशी."

टर्मिनल दोघींनी मिळून उचलून बाहेर आणलं. वर टेबलावर घेऊन चालू केलं तर ते अगदी कोरं होतं, कारखान्यातून आल्यासारखं. या वेळी आंघोळ घालायची गरज पडली नाही. घरी नेऊ का, म्हणून विचारलं तर भाची म्हणाली, "नको. आता ते नुसतं टर्मिनल आहे." ते फडताळात जादा म्हणून गेलं. गवंड्यानं भोक बुजवलं. धाकट्या मालकांनी ती दोन बटणं बंद केली. पाडलेल्या विटांचा राडारोडा कुणी उचलायचा यावरून दोघा भावांची चार दिवस निरोपांवर निरोप अशी जुंपली, आणि शेवटी तो रिसेटबाईनंच हमालांकरवी उचलवला.

लाइन मात्र तिनं बंद केली नाही. वायर त्या पोकळीत टोक उघडं ठेवून तशीच लोंबते आहे. रोज सकाळी कॉम्प्युटर त्या लाइनवर विचारतो, कोण आहे? जरा वेळ थांबतो, आणि उत्तर नाही म्हणून पुढच्या लाइनकडं जातो. तेवढा वेळ रिसेटबाई चहाचा घोट घेत नाही.

दुपारची टिंबं अजून येतात, कधीमधी. सुटं टोक हवेतलं जास्तच उचलतं, हे तिला माहीत आहे. भाचीनं एकदा विचारलं, "येतात का गं अजून?" तेव्हा ती म्हणाली, "वायर मोकळी आहे ना, यायचीच." आणि जिन्यातून कुणीतरी हाक मारली, तशी ती काट्यावरचं टर्मिनल बघायला खाली गेली.